दप्तर, सीपीयू आणि वीतभर पेटी : बाभुळगाव परिसरातील फिरत्या कचेरीचा इतिहास

मराठीत ‘दप्तर’ हा शब्द कचेरीलाही लागतो, कचेरीत बांधून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यालाही लागतो आणि शाळेत निघालेल्या मुलाच्या पाठीवरच्या पिशवीलाही लागतो. मूळ ग्रीक भाषेत कमावलेल्या कातड्याला जो शब्द होता, तो कातड्यावर लिहिण्याच्या रिवाजातून फारसी-अरबीत हिशेबाच्या वहीचा वाचक झाला आणि सुलतानी अमदानीतील कारभाराबरोबर मराठीत येऊन स्थिरावला. मराठीने मात्र कागद ठेवण्याची जागा आणि कागद नेण्याचे साधन या दोहोंना एकच नाव देऊन टाकले. हा शब्दाचा ढिलेपणा नव्हे. गावकामगाराची कचेरी शेकडो वर्षे इमारतीत नव्हतीच, ती गाठोड्यात होती, आणि ते गाठोडे जिथे सोडले जाई तिथे तेवढ्या वेळेपुरती कचेरी भरे, ही कारभाराची रीत त्या शब्दात जशीच्या तशी टिकून राहिली आहे.

आज तालुक्याच्या गावी सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा हिशेबनिसाची खोली चालवणाऱ्या माणसासमोर लॅपटॉप घ्यावा की बाजारात ‘मिनी पीसी’ या नावाने मिळणारा छोटा संगणक घ्यावा, असा प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर बहुधा किंमत आणि वेग यांच्या कोष्टकात शोधले जाते. मिनी पीसी म्हणजे पडदा, कळफलक आणि बॅटरी यांपैकी काहीही अंगी नसलेला, परंतु संगणकाचे बाकी सर्व अवयव एका वीतभर पेटीत सामावून घेणारा मेजावरचा संगणक. लिहिण्या-नोंदवण्याचे काम या प्रदेशात कसे फिरत आले, याचा इतिहास पाहिला तर ही पेटी परकी वाटत नाही. मांडीवरच्या संगणकापेक्षा तीच जुन्या दप्तराची अधिक जवळची वारस ठरते, हे पुढील विवेचनातून दाखवावयाचे आहे.

बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. या रस्त्याचे महत्त्व कापसाने ठरवले. धामणगाव हे नागपूर-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असल्यामुळे, १९०३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू होईपर्यंत यवतमाळ परिसराचा कापूस बंड्यांमधून, म्हणजे वऱ्हाडी बैलगाड्यांमधून, प्रामुख्याने याच वाटेने रेल्वेला जाऊन मिळत असे. वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रज कंपनीच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा पाडण्यात आला, तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्या वेळी जिल्ह्यात यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि नव्याने जोडलेला पुसद एवढेच तालुके होते. बाभुळगाव तेव्हा तालुका नव्हते, याचा अर्थ असा की येथील शेतकऱ्याला तहसिलीचा कागद हवा असेल तर यवतमाळ गाठावे लागे, आणि तहसिलीला गावचा कागद हवा असेल तर तो कोणीतरी उचलून तिथवर न्यावा लागे.

उचलून नेणारा तो माणूस पटवारी. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुलकर्णी म्हणत, त्याच हुद्द्याला वऱ्हाडात पटवारी हे नाव रूढ होते, आणि पुढे सरकारदरबारी तलाठी हा शब्द आला तरी विदर्भातल्या खेड्यांत आजही पटवारी हाच शब्द तोंडी आहे. इंग्रजांनी परगण्याचे देशमुख आणि देशपांडे यांना कारभारातून दूर केले, पण गावपातळीवरचे पाटील आणि पटवारी वंशपरंपरेने कायम ठेवले. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर, म्हणजे प्रत्येक खातेदाराशी सरकारने थेट सारा ठरवण्याच्या पद्धतीवर, वऱ्हाडात जमिनीची मोजणी सुरू झाली, आणि १९०० मध्ये पाटील-पटवाऱ्यांच्या हक्कांसाठी व कर्तव्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. मोजणीने शेताला क्रमांक दिला, क्रमांकाने नोंदवही मागितली, आणि नोंदवहीने पटवाऱ्याचे गाठोडे दरसाल जड केले.

या गाठोड्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. खारवा नावाचे लाल, जाडेभरडे सुती कापड चौकोनी कापून जमिनीवर पसरत. त्यावर वह्या आणि सुटे बंद, म्हणजे कागदाचे ताव, एकाच दिशेने रचत. मग समोरासमोरची टोके एकमेकांवर घेऊन वर गाठ मारत. या बांधणीला रुमाल म्हणत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांची गणती आजही रुमालांनीच होते. गाठ सोडली की कापडाचीच बैठक होई, कागद त्यावर मांडले जात, आणि काम आटोपले की तीच बैठक पुन्हा वेष्टन बनून जाई. याखेरीज पटवाऱ्याजवळ कलमदान असे, त्यात बोरूच्या लेखण्या, दौत आणि ओली शाई टिपण्यासाठी बारीक वाळूची डबी असे. गावचा कोतवाल, म्हणजे वर्दी देणारा आणि सरकारी सामान वाहणारा गावनोकर, हे दप्तर डोक्यावर घेऊन पटवाऱ्यामागे चाले. वर्षाच्या जमाबंदीला, म्हणजे साऱ्याच्या हिशेबाची तहसिलीत तपासणी व्हायची तेव्हा, कागद अधिक असल्याने बंडी जुंपावी लागे.

पटवारी लिहीत असे कसा, हा प्रश्नही येथे गैरलागू नाही. उजवा गुडघा उभा करून, त्यावर कागद टेकवून, मोडी अक्षरांची ओळ लेखणी न उचलता डावीकडून उजवीकडे नेत जाणे ही कारकुनी बैठक मराठी मुलखात सर्वत्र होती, आणि त्या अर्थाने मांडी-गुडघ्यावर काम करण्याची कल्पना संगणक बनवणाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. फरक असा की गुडघा हा केवळ आधार होता. ज्यावर लिहायचे ती जागा प्रत्येक गावी आपोआप मिळे, पाटलाच्या ओसरीवर किंवा चावडीच्या ओट्यावर. उजेड सूर्याचा असे, सावली लिंबाची असे. वाहून न्यावे लागे ते फक्त नोंदींचे गाठोडे. फिरतीचे काम म्हणजे वाटेत चालता-चालता करायचे काम, असा अर्थ त्या काळी कोणी घेतला नाही. फिरती म्हणजे एका बैठकीवरून उठून दुसऱ्या बैठकीवर बसणे, आणि त्या दोन बैठकांच्या मधल्या अंतरात दप्तर बांधलेलेच असे.

कापसाच्या व्यापाऱ्याकडे ही रीत थोडी वेगळी दिसते. जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या पेढीवर मुनीम गादीवर बसे आणि त्याच्यापुढे उतरत्या झाकणाची बुटकी लाकडी पेटी असे; झाकणावर वही टेकवून लिहायचे आणि झाकण उचलून त्याच पेटीत रोकड, शाई आणि चालू वही ठेवायची. हंगामात खरेदी जिथे चाले तिथे ही पेटी उचलून नेता येई. रोजमेळ आणि खतावणी या हिशेबवह्या मात्र पेढीवरच राहत. या पेटीचा उल्लेख येथे एवढ्याचसाठी की लिहिण्याचा पृष्ठभाग आणि साठवण एकाच वस्तूत बसवण्याची गरज ज्यांना वाटली ते व्यापारी होते, सरकारी कामगार नव्हते.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरागत महसुली पाटीलकी संपुष्टात आली, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये झाली, आणि गावच्या नोंदी एकवीस क्रमांकित नमुन्यांत बसवण्यात आल्या. त्यांतील सातवा नमुना जमीन कोणाची हे सांगतो आणि बारावा तिच्यावर काय पेरले हे सांगतो. दोन्ही एकाच कागदावर आल्यामुळे त्याला सातबारा हे नाव पडले, आणि कर्जापासून वाटणीपर्यंत शेतकऱ्याच्या आयुष्यातील प्रत्येक वळणावर हा कागद आडवा येऊ लागला. बाभुळगाव तालुक्यात खडकसावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झाले आणि बुडीत क्षेत्रातील जमिनी गेल्या, तेव्हा मोबदल्याचा हक्क याच नोंदींवर ठरला. पटवाऱ्याच्या गाठोड्यात एखादा बंद सापडणे किंवा न सापडणे याने माणसांची आयुष्ये बदलली आहेत, आणि म्हणून ते गाठोडे कशात बांधले होते आणि कोणाच्या डोक्यावर होते, याचा तपशील किरकोळ मानता येत नाही.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी टंकलेखनाला राजाश्रय मिळाला आणि तहसील कचेऱ्यांसमोर अर्जनवीस, म्हणजे लोकांनी सांगितलेल्या मजकुराचे अर्ज लिहून देणारा लेखक, टंकयंत्र घेऊन बसू लागला. कचेरीतील पूर्ण आकाराचे देवनागरी टंकयंत्र पंधरा किलोच्या आसपास भरे, त्यामुळे ते रोज घरी नेणे अवघड होते, आणि बहुतेक अर्जनवीस संध्याकाळी ते जवळच्या दुकानात किंवा ओळखीच्या वकिलाच्या खोलीत ठेवून जात. देवनागरीतील जोडाक्षरे मर्यादित कळांवर बसवताना अक्षरांचे अर्धे तुकडे आणि काने-मात्रे वेगळे पाडावे लागले, आणि हातांना एकदा पाठ झालेली ती कळांची मांडणी, रेमिंग्टन या नावाने, यंत्र गेल्यावरही उरली. आज संगणकावर बसून सरकारी मराठी मजकूर टंकणारे कितीतरी लोक त्याच मांडणीने टंकतात. शोधली तर ही या इतिहासातील सर्वांत चिवट वस्तू आहे, आणि ती लोखंडाची नाही, बोटांची आहे.

संगणक या परिसरात नदीपलीकडून आला असे म्हणता येईल. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, आणि त्यांत महाराष्ट्रातून निवडला गेलेला जिल्हा वर्धा होता, जो यवतमाळला वर्धा नदीच्या पात्राने लागून आहे. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले जिस्ट हे तंत्र तिने पुढे नेले; जिस्टचे कार्ड, म्हणजे संगणकाच्या आत खोचायची एक पट्टी, बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. पुढे विंडोजच्या काळात श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे आणि सी-डॅकचे सुरेख, योगेश यांसारखे फाँट आले. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीला जागतिक संकेत दिलेला होता, परंतु दुकाने आणि कचेऱ्या त्यानंतर कितीतरी वर्षे आपापल्या फाँटांतच काम करत राहिल्या, कारण छापखान्यांची आणि जाहिरातींची सगळी घडी त्यांच्यावर बसलेली होती.

या फाँटांच्या बखेड्याने एक गोष्ट घडवली, जी येथे नोंदवणे अगत्याचे आहे. एका संगणकावर टंकलेली लग्नपत्रिका किंवा ठराव दुसऱ्या संगणकावर उघडला की तिथे तोच फाँट नसल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. काही सॉफ्टवेअरे तर यंत्रामागे खोचलेल्या कुलुपवजा खुंटीशिवाय चालतच नसत. परिणामी मजकूर नेण्याऐवजी यंत्रच नेणे सोपे पडू लागले. त्यात यंत्र बिघडले, विषाणू शिरला किंवा बोलीभाषेत म्हणतात तसे ‘फॉरमॅट मारायचे’ झाले, तर ते यवतमाळला दुरुस्तीला न्यावे लागे. मराठी बोलण्यात ‘सीपीयू’ हा शब्द मधल्या गणनयंत्राला नव्हे, तर ते ज्यात बसते त्या सबंध पत्र्याच्या पेटीला लागतो, आणि हा सीपीयू, वायरी सोडवून, चादरीत गुंडाळून, मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर ठेवून तीसेक किलोमीटर नेला जाई. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला भीती वाटे ती आतल्या हार्ड डिस्कची, कारण तिच्यात फिरती तबकडी असते आणि तिच्यावरून केसाहूनही कमी अंतरावर वाचनाची सुई सरकते. धक्क्याने ती तबकडीला घासली की वर्षाचे काम जाई. पडदा आणि कळफलक दुरुस्तीच्या दुकानात असतच, म्हणून ते कोणी नेत नसे. दप्तर उचलायचे आणि बैठक तिथेच सोडायची, ही जुनी रीत कोणी न शिकवता पुन्हा सुरू झाली होती.

या काळात संगणक शिकण्याची वाटही तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीच्या अटींत आला आणि त्याची केंद्रे गावोगावी निघाली. मात्र वीज नव्हती. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसातील दहा-बारा तासांपर्यंत भारनियमन होत असे, आणि विदर्भातल्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात त्याचा जाच दुप्पट होई. इन्व्हर्टर हे तेव्हा संगणकाचेच एक अंग बनले. त्याचे गणित साधे आहे: १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास वीज साठवते, आणि रूपांतरातील घट व बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरता तिच्यातून साधारण बाराशे वॅट-तास हाती लागतात. जुना सीपीयू आणि काचेच्या नळीचा फुगीर पडदा मिळून दोनशे वॅट घेत असतील तर ही वीज सहा तासांत संपते. आजचा छोटा संगणक आणि सपाट पडदा मिळून चाळीस वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे तीच बॅटरी तीस तास पुरते. भारनियमनाचे ते दिवस सरले आहेत, तरी मृगाच्या वादळात तार तुटली की रात्र-रात्र वीज येत नाही, आणि ज्या माणसाने ती वर्षे काढली आहेत तो यंत्र घेताना आधी त्याचे वॅट विचारतो. त्याचे हे विचारणे रास्त आहे.

एवढे सांगितल्यावर या पेटीची जागतिक वंशावळ थोडक्यात पाहता येईल. बाजारात यशस्वी झालेला पहिला वाहून नेण्याजोगा संगणक, १९८१ चा ऑस्बोर्न-१, हा लॅपटॉप नव्हताच. सुमारे अकरा किलो वजनाची, पाच इंची पडद्याची, शिलाई मशीनसारखी मुठीला धरून उचलायची ती पेटी होती, आणि तिच्यात बॅटरी नसल्यामुळे ती भिंतीतल्या विजेवरच चाले. ती काढणारा अॅडम ऑस्बोर्न हा लहानपणी तमिळनाडूत तिरुवन्नामलै येथे वाढला होता आणि २००३ मध्ये त्याच राज्यात कोडाईकनालला निवर्तला. त्याची कंपनी १९८३ मध्येच बुडाली, आणि पुढच्या दशकात बॅटरी व सपाट पडदा स्वस्त होत गेल्यावर मिटवता येणाऱ्या लॅपटॉपने ही वाट जवळजवळ पुसून टाकली. ती पुन्हा उघडली २००५ मध्ये, अॅपलच्या मॅक मिनीने: साडेसोळा सेंटिमीटरची चौरस, पाच सेंटिमीटर उंचीची पेटी, जिच्यासोबत पडदा, कळफलक किंवा माऊस काहीच मिळत नसे. २०१२ मध्ये पस्तीस डॉलरचे रास्पबेरी पाय हे खेळण्याच्या पत्त्याएवढे संगणक-फलक आले, त्याच सुमारास इंटेलने दहा सेंटिमीटर चौरसाचा नक नावाचा नमुना काढला आणि लेनोवोसारख्या कंपन्यांनी कचेऱ्यांसाठी एक लिटर आकारमानाच्या, अठरा सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड अशा पेट्या विकायला सुरुवात केली. मोठ्या शहरांतील कचेऱ्या अशा पेट्या काही वर्षांनी बदलतात आणि त्या जुन्या बाजारात येतात. छोट्या गावांत मिनी पीसी पोचला तो बऱ्याच अंशी या वापरलेल्या मालाच्या वाटेने.

दरम्यान दप्तर पटवाऱ्याच्या हातून सुटत चालले होते. २००८ पासून भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ई-फेरफार म्हणजे मालकी-बदलाची नोंद संगणकावर घेण्याची पद्धत आली, तलाठ्यांच्या हाती लॅपटॉप आणि डिजिटल स्वाक्षरीची खुंटी आली, आणि १ मे २०१८ पासून स्वाक्षरीसह सातबारा संगणकावरून थेट मिळू लागला. लॅपटॉपची निवड त्या वेळी स्वाभाविकच होती, कारण तलाठ्याकडे अनेक गावांचा साझा असतो आणि त्यातील प्रत्येक गावी विजेची हमी नसते. तरीही त्याचा उपयोग प्रत्यक्षात कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. शेतात उभे राहून लॅपटॉप उघडणे उन्हामुळे आणि धुळीमुळे अवघडच राहिले. पडदा दिसत नाही, ठेवायला जागा नसते, आणि नेटवर्क मिळेलच असे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे अॅप आले आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर गेली. शेतातले काम मोबाइलने घेतले, मेजावरचे काम मेजावरच राहिले, आणि लॅपटॉप ज्या मधल्या जागेसाठी होता ती जागा अरुंद होत गेली.

मेजावरच्या कामाचा मोठा भाग आता सेवा केंद्रांत होतो. २०११ मध्ये संग्राम, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, या योजनेने ग्रामपंचायतीत संगणक बसवले, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानंतर आपले सरकार सेवा केंद्रे उभी राहिली, जिथे उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला ठरावीक शुल्क घेऊन काढून दिला जातो आणि पीकविम्याचा अर्जही भरून दिला जातो. अशा केंद्रातील यंत्राला एका वेळी प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारे उपकरण, कॅमेरा, स्वाक्षरीची खुंटी, कळफलक आणि माऊस एवढी साधने जोडावी लागतात, आणि आजच्या पातळ लॅपटॉपला दोन किंवा तीनच यूएसबी खाचा असतात. जोडतुकडा लावून त्या वाढवता येतात, पण ठसा घेणारे उपकरण अशा जोडतुकड्यावर अधूनमधून ओळख सोडते, आणि विम्याच्या शेवटच्या तारखेला रांगेत उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्याचा ठसा तिसऱ्यांदाही उमटला नाही म्हणजे काय होते, ते केंद्रचालकाला चांगले ठाऊक असते. एक लिटरच्या पेटीला बहुधा सहा किंवा अधिक खाचा असतात. कळफलक दिवसभराच्या टंकनाने झिजला तर काहीशे रुपयांत दुसरा येतो. लॅपटॉपचा कळफलक बदलायला सबंध यंत्र उघडावे लागते. उन्हाळ्यात सतत विजेला लावून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी उष्णतेने लवकर थकते आणि कधी फुगतेही, आणि फुगलेली बॅटरी घेऊन काम करणे धोक्याचे आहे. पेटीत बॅटरीच नसते, त्यामुळे ही चिंता इन्व्हर्टरच्या एका मोठ्या बॅटरीपुरती उरते.

याची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. पेटीला बॅटरी नसल्यामुळे वीज गेली की न साठवलेले काम जाते, आणि जिथे इन्व्हर्टर नाही तिथे निदान एक छोटा यूपीएस, म्हणजे वीज जाताच क्षणात आपली वीज देणारा संच, घ्यावाच लागतो. ज्याला एसटीत बसून, दवाखान्यात रुग्णाशेजारी बसून किंवा वसतिगृहाच्या खाटेवर काम करायचे आहे, त्याला लॅपटॉपला पर्याय नाही. यवतमाळला किंवा अमरावतीला शिकायला जाणाऱ्या मुलीला घरच्यांनी पेटी घेऊन दिली तर तिची अडचणच होईल. पेटी त्याच्या कामाची, ज्याच्या फिरतीला दोन ठरलेली टोके आहेत: दिवसा केंद्र आणि रात्री घर, किंवा आठवड्यातले काही दिवस बाभुळगाव आणि काही दिवस दुसरे गाव. दोन्ही टोकांना एकेक जुना पडदा आणि एकेक कळफलक ठेवला की मध्ये न्यायची ती सव्वा-दीड किलोची पेटी आणि तिचा अडॅप्टर, एवढेच उरते. दोन लॅपटॉप ठेवणे आणि त्यांतील फाइली जुळवत बसणे यापेक्षा हे स्वस्त तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंद एकाच जागी राहते. आत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी, म्हणजे हलणारा भाग नसलेली साठवण, आल्यामुळे धामणगाव रस्त्यावरच्या खड्ड्यांची जुनी भीतीही गेली आहे. सुरेख किंवा श्रीलिपीत टंकलेला दहा-पंधरा वर्षांचा मजकूर ज्याच्याजवळ आहे, त्याला तो फाँटांसह आणि रेमिंग्टन मांडणीसह एकाच यंत्रात सांभाळता येतो, ही सोय अशा दुकानदाराला वेगापेक्षा मोठी वाटते.

कचेरीसाठी बनवलेल्या या पेट्यांसोबत अनेकदा एक धातूची चौकट आणि चार स्क्रू मिळतात. पडद्याच्या पाठीवर दहा सेंटिमीटरच्या अंतराने चार भोके असतात, त्यांत चौकट बसवून पेटी कायमची मागे जखडता येते, म्हणजे मेज मोकळे राहते आणि चोरीचीही भीती कमी होते. जी पेटी रोज संध्याकाळी घरी जाते तिला हे स्क्रू लावून चालत नाही. ती मेजाच्या कडेला उभी असते, मागच्या वायरींना खुणेचे रंगीत दोरे बांधलेले असतात, आणि केंद्राचे शटर ओढण्यापूर्वी त्या वायरी एकेक करून काढून, पेटी आणि अडॅप्टर फडक्यात गुंडाळून, बऱ्याचदा घरातल्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या शाळेच्या दप्तरात घालून नेली जाते.